एमसीबी पडत नाही, तरी सॉकेट जळतं!

बेसिक इलेक्ट्रिकलच्या ओरलला एक प्रश्न हमखास येतो. "रेझिस्टन्स वाढवला तर पॉवर वाढेल की कमी होईल?" निम्मे जण आय-स्क्वेअर-आर आठवून "वाढेल" म्हणतात. निम्मे जण व्ही-स्क्वेअर-बाय-आर आठवून "कमी होईल" म्हणतात. जे हुशार असतात ते एक्स्टर्नलच्या चेहऱ्याकडे बघून ठरवतात. मित्रांनो, गंमत अशी की दोन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि दोन्ही अर्धवट आहेत. आणि हा अर्धवटपणा फक्त मार्कांपुरता असता तर लेख लिहायची गरज नव्हती. होस्टेलच्या खोल्यांमध्ये काळं पडलेलं, कडेने वितळलेलं एखादं सॉकेट सगळ्यांनीच पाहिलं असेल. ते सॉकेट याच प्रश्नाचं उत्तर आहे. मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांनी पान उलटू नये, यात दहावीच्या पुढचं गणित नाही.

आधी थोडी उजळणी. मराठी माध्यमातून आलेल्यांनी दहावीला विभवांतर, विद्युतधारा आणि रोध हे शब्द पाठ केलेले असतात. इथे आल्यावर त्यांचंच व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्स होतं आणि पहिले दोन महिने उगाचच विषय नवीन वाटतो. विषय तोच आहे. व्ही भागिले आय म्हणजे आर. व्ही गुणिले आय म्हणजे पॉवर. बाकीची दोन सूत्रं (आय-स्क्वेअर-आर आणि व्ही-स्क्वेअर-बाय-आर) ही या दोघांना एकमेकांत घालून काढलेली आहेत, स्वतंत्र काही नाहीत. म्हणजे एका वस्तूच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज आणि तिच्यातून जाणारा करंट एवढे दोन आकडे मिळाले, की रेझिस्टन्सही मिळाला आणि पॉवरही मिळाली. अट एकच, आणि तीच सगळे विसरतात. व्होल्टेज त्याच वस्तूच्या दोन टोकांमधलं हवं. भिंतीतल्या सप्लायचं नव्हे.

जॉर्ज ओहमची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. हा जर्मनीतल्या कोलोनच्या शाळेत शिकवणारा मास्तर. त्या काळच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज प्रयोग चालू असतानाच घसरायचं, त्यामुळे तार बदलली म्हणून करंट बदलला की बॅटरी बसली म्हणून बदलला, हे कळायला मार्गच नसे. १८२६ मध्ये त्याने बॅटरी बाजूला ठेवली आणि थर्मोकपल वापरलं, एक जोड उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात. बर्फ आणि उकळतं पाणी आपलं तापमान सोडत नाहीत, म्हणून व्होल्टेज जागेवर राहिलं. मग फक्त तारा बदलत गेला आणि नियम हाती आला. १८२७ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. तारेत उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात निघते हे जेम्स ज्यूलने १८४०-४१ मध्ये मोजून दाखवलं. सांगायचा मुद्दा हा की ओहमने आधी "स्थिर काय राहतंय" हे पक्कं केलं आणि मग बाकीचं मोजलं. ओरलच्या त्या प्रश्नातही विचारायचं तेवढंच असतं, स्थिर काय आहे?

आता आपल्या ओळखीची वस्तू घेऊ, पाणी तापवायचा रॉड. (रेक्टर सरांनी हा लेख वाचला तर उदाहरण पूर्णपणे काल्पनिक आहे.) रॉडवर लिहिलेलं असतं २३० व्होल्ट, १५०० वॅट. करंट काढा, १५०० भागिले २३०, म्हणजे ६.५२ अँपिअर. रेझिस्टन्स काढा, २३० भागिले ६.५२, म्हणजे ३५.३ ओहम. पंधरा लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायची तर लागणारी ऊर्जा १५ गुणिले ४.१८६ गुणिले २५, साधारण १५७० किलोज्यूल. त्याला १५०० वॅटने भागलं की १०४७ सेकंद, म्हणजे साडेसतरा मिनिटं. हवेत जाणारी उष्णता धरलेली नाही.

पण सकाळी सहाला साडेसतरा मिनिटांत पाणी तापत नाही, हे आपण सगळे जाणतो. का? बंदी असूनही, समजा, एकाच फेजवर वीस रॉड एकदम चालू झाले. वीस रॉड पॅरलल म्हणजे ३५.३ भागिले २०, सुमारे १.७६ ओहम. तळमजल्यावरच्या बोर्डापर्यंत येणाऱ्या सामाईक केबलचा रेझिस्टन्स, जाऊन-येऊन, फक्त ०.२ ओहम धरा. एकूण १.९६. करंट ११७ अँपिअर. मग केबलमध्येच ११७ गुणिले ०.२, म्हणजे २३ व्होल्ट खर्च झाले आणि खोलीत पोचले २०७. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं, पण पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते. ०.९ चा वर्ग ०.८१, म्हणून रॉडची पॉवर १२१५ वॅट आणि बादलीला साडेएकवीस मिनिटं. आता केबलकडे बघा. २३ गुणिले ११७, जवळपास २७०० वॅट! म्हणजे पावणेदोन रॉडांएवढी उष्णता भिंतीच्या आत, कोणाचंही पाणी न तापवता, नुसती निघते आहे. असलं काही मनात नुसतं "लोड आला" म्हणून सोडून देऊ नये, आकडा काढून बघावा. तो आकडा धक्का देतो.

इथे रॉडचा रेझिस्टन्स मी दोन्ही वेळा ३५.३ च धरला. ते चालतं, कारण रॉडच्या आत नायक्रोमची तार असते आणि नायक्रोमचा रेझिस्टन्स तापमानाने फारसा हलत नाही. बल्बच्या बाबतीत असं धराल तर फसाल. जुना पिवळा १०० वॅटचा बल्ब मिळाला (आता बहुतेक अडगळीच्या खोलीतच मिळेल) तर मल्टिमीटर लावून बघा. चाळीस ओहमच्या आसपास दिसेल. सूत्राने २३० चा वर्ग भागिले १००, म्हणजे ५२९ यायला हवेत. मीटर बिघडलेला नसतो. टंगस्टनची तार थंड असताना चाळीस ओहमची असते आणि पांढरी होईपर्यंत तापली की पाचशेच्या वर जाते. म्हणून चालू स्थितीतला रेझिस्टन्स हवा असेल तर चालू स्थितीतलंच व्होल्टेज आणि करंट मोजून भागाकार करावा लागतो. ओहममीटरचं बटण हा त्याला पर्याय नाही.

आणखी एक सावधगिरी. हे सगळं रॉड, इस्त्री, कॉइल अशा निव्वळ तापणाऱ्या वस्तूंना लागू. साधा तांब्याचा चोक असलेली जुनी ट्यूब सुमारे ०.४ अँपिअर घेते. २३० ने गुणलं तर नव्वदच्या घरात आकडा येतो, पण खरी पॉवर पन्नासच्या आतबाहेर असते. तिथे पॉवर फॅक्टर मध्ये येतो. पंख्याचंही तसंच. त्या वाटेला आज जायला नको.

आता सॉकेट. प्लगची पिन आणि सॉकेटच्या आतली पितळी पट्टी यांचा संपर्क चांगला असेल तर तिथला रेझिस्टन्स काही मिलिओहम असतो, धरलाच नाही तरी चालेल इतका. पण पट्टी सैल झाली, तिच्यावर काळा थर बसला, की हा रेझिस्टन्स वाढतो. समजा ०.०५ ओहम झाला. रॉडच्या ३५.३ पुढे हे काहीच नाही, करंट ६.५१. सॉकेटमधली पॉवर ६.५१ चा वर्ग गुणिले ०.०५, दोन वॅटच्या जरा वर. सॉकेट कोमट लागेल. समजा ०.५ ओहम झाला. करंट ६.४३, पॉवर सुमारे २१ वॅट. इलेक्ट्रॉनिक्स लॅबमधला सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो आणि तो शिसं-कथिल वितळवतो. म्हणजे तुमच्या भिंतीतल्या प्लास्टिकच्या डबीत जवळजवळ एक सोल्डरिंग आयर्न चालू आहे. २ ओहम झाला तर? करंट ६.१७, पॉवर ७६ वॅट. तिथपर्यंत पोचायच्या आधीच बहुधा वास आलेला असतो.

ओरलच्या प्रश्नाचं उत्तर इथेच दडलेलं आहे. एकट्या रॉडच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज जवळपास स्थिर आहे, म्हणून रॉडचा रेझिस्टन्स वाढवला तर पॉवर कमी होईल. जास्त वॅटच्या रॉडचा रेझिस्टन्स कमी असतो तो यामुळेच. पण सैल संपर्क रॉडच्या सिरीजमध्ये आहे. त्याच्यातून किती करंट जायचा हे रॉडने ठरवलंय, त्याला विचारतो कोण! करंट जवळपास स्थिर, म्हणून त्याचा रेझिस्टन्स वाढला की पॉवर वाढते. कुठपर्यंत वाढते? संपर्काचा रेझिस्टन्स रॉडएवढाच, ३५.३ ओहम होईपर्यंत. तेव्हा त्यात ३७५ वॅट निघतील आणि त्यानंतर उतार लागेल. सेकंड इयरला मॅक्झिमम पॉवर ट्रान्सफर थिअरम शिकवतात तो हाच. फक्त तिथे पॉवर लोडला मिळते म्हणून आपण खूष होतो, आणि इथे सॉकेटला मिळते.

वरचे करंटचे आकडे पुन्हा ओळीने वाचा. ६.५२, ६.५१, ६.४३, ६.१७. सॉकेट जसजसं जास्त तापत जातं तसतसा करंट कमी होत जातो! एमसीबीला फक्त अँपिअर कळतात. वॅट कुठे पडतायत हे तिला दिसतच नाही. तिच्या दृष्टीने सर्किट आधीपेक्षा निवांत आहे. घरगुती एमसीबीच्या मानकाप्रमाणे रेटिंगच्या १.१३ पटीपर्यंत तिने तासभर तरी पडता कामा नये, आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडलं पाहिजे. म्हणजे ६ अँपिअरची एमसीबी ६.७८ अँपिअर तासभर निमूट सहन करणार. आपला रॉड ६.५२ घेतो. तेव्हा "एमसीबी आहे ना, काही झालं तर पडेल" हे वाक्य शॉर्टसर्किटपुरतं खरं आहे. सैल सॉकेटसाठी अजिबात नाही. ते बघायला माणूसच लागतो.

अँपिअरच्या याच हिशेबातली दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. रॉडच्या आत गळती होऊन पाण्यात करंट उतरला आणि ओल्या अंगाने कोणी बादलीत हात घातला, तर अंगाचा रेझिस्टन्स ढोबळ मानाने हजार ओहम धरा. २३० भागिले १०००, ०.२३ अँपिअर. सहा अँपिअरच्या एमसीबीला हे मुंगी चावल्यासारखंही नाही, माणसाचा मात्र जीव जाऊ शकतो. यासाठी वेगळं साधन लागतं, आरसीसीबी. जाणारा आणि परत येणारा करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ते तोडतं. आपल्या विंगच्या बोर्डावर ते आहे का, हे एकदा इलेक्ट्रिशियन काकांना विचारून घ्या. असेल तर त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा त्यांच्याकडूनच दाबून घ्यावं. आणि ते असलं-नसलं तरी रॉड बंद करून, प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही. आरसीसीबीलाही सैल सॉकेट दिसत नाही, हे जाता जाता. गळती नाही तर तिला काय कळणार?

संपर्क बिघडतो कसा? एक तर बिघाड स्वतःच वाढत जातो. पट्टी तापली की तिची स्प्रिंगसारखी पकड जाते, वर ऑक्साइडचा थर चढतो, रेझिस्टन्स वाढतो, आणखी तापते. दुसरं, आपली कारागिरी. रॉडचा जाड १६ अँपिअरचा प्लग ६ अँपिअरच्या सॉकेटात बसवायला कन्व्हर्जन प्लग लावायचा, त्यावर चार्जर, त्यावर इस्त्री. प्लगच तुटला असेल तर वायरची टोकं सोलून भोकात घालायची आणि काडेपेटीच्या काड्या खोचायच्या. काडी वायरला एका रेषेवर दाबते, तीही जाईल तशी. जगातला सर्वांत वाईट संपर्क कसा करावा याची स्पर्धा ठेवली तर या पद्धतीला पहिलं बक्षीस द्यावं लागेल, आणि शेजारी पेटायला लाकूडही आयतंच.

एक्स्टेन्शन बोर्डाचं गणित थोडं वेगळं आहे. स्वस्त बोर्डाची वायर अनेकदा अर्ध्या चौरस मिलिमीटरची असते. तिचा रेझिस्टन्स मीटरला ०.०३९ ओहम. चार मीटर लांबी, जाऊन-येऊन आठ, म्हणजे ०.३१ ओहम. रॉड लावला तर सुमारे १३ वॅट. हे चार मीटरभर पसरलेले असतात म्हणून वायर फक्त कोमट होते. पण तीच वायर नीटनेटकी गुंडाळून गादीखाली सारली, तर १३ वॅट मुठीएवढ्या जागेत कोंडले. नुसते वॅट किती यावरून काही ठरत नाही, ते किती जागेत निघतायत हेही बघावं लागतं. म्हणून सॉकेटमधले २१ वॅट जास्त वाईट.

आता थोडं अप्रिय. होस्टेलमध्ये रॉड-कॉइलवर बंदी आहे आणि कारण म्हणून वीजबिल सांगितलं जातं. बिलाचं कारण मला पटत नाही. १५७० किलोज्यूल म्हणजे ०.४४ युनिट, बादलीमागे अर्धं युनिटही नाही. पण खोलीतली सहा अँपिअरची सॉकेटं आणि त्यामागची वायर पंखा, दिवा, लॅपटॉप यांच्यासाठी घातलेली आहे, पहाटे वीस रॉडांसाठी नाही, हे कारण शंभर टक्के पटतं. नोटीस बोर्डावर बिलाऐवजी वरचे २१ वॅट लिहिले तर इंजिनिअरिंगची मुलं जास्त ऐकतील असं माझं मत आहे. आणि दुसरी बाजूही आहे. बंदीमुळे मुलं जळकं सॉकेट कळवत नाहीत, कारण "इथे काय लावलं होतं?" हा प्रश्न येणार. मग त्याच सॉकेटवर पुढच्या वर्षीचा नवा मुलगा साधी इस्त्री लावतो. १००० वॅटची इस्त्री म्हणजे ४.३५ अँपिअर, आणि ०.५ ओहमच्या संपर्कात ९ वॅटच्या वर. त्याने काही नियम मोडलेला नसतो. तेव्हा काळं पडलेलं सॉकेट कळवणाऱ्याला चौकशीशिवाय बदलून मिळावं, एवढी विनंती.

मोजायची हौस असेल तर कुठे भागवायची? खोलीतल्या सॉकेटात मल्टिमीटर खुपसून नव्हे. विशेषतः मीटरची लीड १० अँपिअरच्या भोकात राहिली असेल आणि तुम्ही मेन्सचं व्होल्टेज बघायला गेलात तर ते थेट शॉर्टसर्किट आहे. सुट्टीत घरी गेल्यावर एक सोपी, काहीही न उघडता करायची रीत सांगतो. घराच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी हे छापलेलं असतं, बऱ्याच मीटरवर ३२००. बाकी सगळं बंद करून फक्त गीझर किंवा रॉड चालू ठेवा आणि एक मिनिट मोजा. ७४ वेळा लुकलुकला तर तासाला ४४४०, भागिले ३२००, म्हणजे १.३९ किलोवॅट. बऱ्याच मीटरच्या स्क्रीनवर व्होल्टेजही फिरत फिरत येतं. ते २२१ दिसलं, तर करंट ६.२८ आणि रेझिस्टन्स २२१ भागिले ६.२८, म्हणजे ३५.२. रॉडवर छापलेल्या आकड्यांवरून आलेले ३५.३ आठवतात?

आणि खराब संपर्काचा रेझिस्टन्स मोजायचा असेल तर लॅब असिस्टंटना विचारून लॅबमध्ये. मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर तो कळत नाही, कारण लीड्सचाच ०.२-०.३ ओहम मध्ये येतो. इथे व्ही भागिले आय हाच उपाय. भंगारातलं एक काढलेलं सॉकेट आणि प्लग घ्या. लॅबचा कमी व्होल्टेजचा डीसी सप्लाय ५ अँपिअरवर लिमिट करा आणि एका पिनेतून करंट जाऊ द्या. मग मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून एक टोक पिनेला आणि दुसरं थेट पितळी पट्टीला लावा. चांगल्या सॉकेटात, समजा, १० मिलिव्होल्ट आले, म्हणजे ०.००२ ओहम आणि पॉवर ०.०५ वॅट. काळ्या सॉकेटात १.५ व्होल्ट आले, म्हणजे ०.३ ओहम आणि ७.५ वॅट. आता सप्लायच्या डिस्प्लेकडे बघा, तिथे २.४ व्होल्ट दिसतील. तोच आकडा घेऊन गणित केलंत तर ०.४८ ओहम आणि १२ वॅट येतात, कारण त्यातले ०.९ व्होल्ट लीड्सनी खाल्लेले आहेत. जर्नलमध्ये सर्किट डायग्राम काढताना व्होल्टमीटरची टोकं नेमकी पिनेला आणि पट्टीला जोडलेली दाखवा. बहुतेकांचे मार्क तिथेच जातात.